व्यसनाचे मूळ आणि बालपणीचा जिव्हाळा



केंद्राच्या शिक्षण परिषदांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलाच्या दप्तरात तंबाखूची किंवा गुटख्याची पुडी सापडते. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? या प्रश्नाची दोन उत्तरे बहुधा तयार असतात. पहिले छडीचे आणि दुसरे, ‘असली मुले शाळेत नकोतच’ हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही दोन्ही उत्तरे बाद ठरविली आहेत. त्याच्या सोळाव्या कलमान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणाही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि सतराव्या कलमान्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी खरा प्रश्न उरतोच. या उपायांनी मुलाची सवय सुटते काय?

व्यसन जडण्यामागे बालपणीच्या मायेच्या बंधांचा आणि मेंदूच्या घडणीचा वाटा किती, याविषयी गेल्या सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले ते सोप्या शब्दांत मांडणे, आणि त्यावरून आपल्या शाळेत काय करता येईल याचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचे सार आरंभीच सांगतो. मेंदूतील ज्या यंत्रणा तान्ह्या मुलास आईच्या कुशीत शांत करतात, त्याच यंत्रणांवर मादक द्रव्ये ताबा मिळवितात. ज्या मुलास माणसांकडून दिलासा मिळालेला नाही, त्यास वस्तूकडून मिळणाऱ्या दिलाशाची ओढ लागण्याचा धोका अधिक असतो. म्हणून अशा मुलाचा माणसांशी उरलेला धागा शाळेने तोडला, तर आपण त्यास त्या पुडीकडेच ढकलीत असतो.

१. व्यसन कशास म्हणावे?

एखादी वस्तू एकदा चाखून पाहणे आणि तिचे व्यसन जडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वस्तूची अनावर ओढ लागणे, तिच्यावरील स्वतःचा ताबा सुटणे, पूर्वीइतक्या मात्रेने भागेनासे होणे, ती न मिळाल्यास शरीर व मन यांस त्रास होणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताही ती सोडता न येणे, ही व्यसनाची मुख्य लक्षणे होत.

वस्तू घेतली म्हणजे व्यसन लागलेच, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सारी गोष्ट वस्तूच्या अंगी नसते, हे एका प्रसिद्ध पाहणीने दाखवून दिले. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइन स्वस्त व विपुल मिळत असे. १९७१ साली तेथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषीने केली. व्हिएतनाममध्ये असताना पाचांपैकी सुमारे एक सैनिक हेरॉइनसारख्या द्रव्यांच्या आहारी गेला होता. हे सारे मायदेशीही व्यसनीच राहतील अशी सरकारला धास्ती होती. प्रत्यक्षात घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी विसांत सुमारे एकच पुन्हा व्यसनाधीन झाला. द्रव्य तेच, शरीरही तेच. पण भय, एकटेपणा आणि परका मुलूख मागे पडला होता. यावरून ही द्रव्ये निरुपद्रवी आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तंबाखूतील निकोटिन तर फार लवकर पकड घेणारे द्रव्य आहे. परंतु ‘ही वस्तू काय करते?’ या प्रश्नाबरोबरच ‘ती कोणास धरून ठेवते, आणि का?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे, एवढे यावरून निश्चित होते.

२. मेंदूतील तीन यंत्रणा

हा दुसरा प्रश्न समजण्यासाठी मेंदूची थोडी ओळख करून घेऊ. व्यसनाशी मुख्यतः तीन यंत्रणांचा संबंध येतो. त्यांस आपण ओढीची, दिलाशाची आणि आवराची यंत्रणा म्हणू.

ओढीच्या यंत्रणेचा शोध १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात लागला. जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत एका ठिकाणी बारीक तार बसविली आणि एक दांडी दाबली असता तेथे सौम्य विद्युत्प्रवाह जाईल अशी योजना केली. तो उंदीर ती दांडी तासास हजाराहून अधिक वेळा दाबू लागला. या भागात डोपामाइन नावाचे द्रव्य काम करते. प्रारंभी यास केवळ सुखाचे द्रव्य मानीत. पुढील संशोधनाने असे दिसून आले की, ते सुखापेक्षा ‘हवेसे वाटणे’ निर्माण करते. भुकेल्यास अन्नाकडे, बालकास आईकडे, विद्यार्थ्यास कुतूहलाच्या गोष्टीकडे खेचणारी शक्ती हीच. निकोटिन, दारू, अफू ही सारी द्रव्ये येथे डोपामाइन वाढवितात. त्यामुळे कालांतराने असे होते की, वस्तूतून सुख पूर्वीइतके मिळत नाही, पण तिची ओढ मात्र वाढतच जाते. ‘आवडत नाही, तरी सुटत नाही’, ही व्यसनी माणसाची तक्रार खोटी नसते.

दुसरी यंत्रणा दिलाशाची. अफूचा माणसावर एवढा परिणाम का व्हावा, हे कोडे पुष्कळ काळ सुटले नव्हते. १९७३ साली असे सिद्ध झाले की, मेंदूतील पेशींवर अफूची किल्ली बसेल अशी जणू कुलपेच असतात. निसर्गाने ही कुलपे खसखशीच्या बोंडासाठी खास घडविली असतील, हे संभवत नाही. तेव्हा शरीरातच तशी किल्ली असली पाहिजे, असा तर्क झाला. आणि १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूजेस व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी ती शोधून काढली. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो. वेदना शमविणे, हे त्यांचे एक काम. दुसरे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असून ते पुढील भागात सांगितले आहे.

तिसरी यंत्रणा आवराची. कपाळामागील मेंदूचा भाग परिणामांचा विचार करून इच्छेस लगाम घालतो. हा भाग सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची ओढ जोरात असते आणि आवर मात्र अजून घडत असतो. ‘एवढे समजावून सांगितले, तरी ऐकत नाही’, असे आपण म्हणतो, तेव्हा हे वय ध्यानात घ्यावयास हवे. याच वयात निकोटिन किंवा दारू शरीरात गेली, तर घडत असलेल्या यंत्रणेवरच घाव पडतो.

३. मायेचा बंध आणि अफूची गोळी

मूल आईस बिलगते ते दूध मिळते म्हणून, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ विद्वान मानीत असत. हॅरी हार्लो यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध केले आणि या मताला धक्का बसला. आईपासून दूर केलेल्या पिलांस त्यांनी दोन कृत्रिम आया दिल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दूध तारेच्या आईजवळ ठेवले, तरी पिले दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. भीती वाटली की धाव घ्यावयाची तीही तिच्याकडेच. हे प्रयोग त्या पिलांच्या दृष्टीने क्रूर होते यात शंका नाही. परंतु ऊब आणि आधार ही अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे, हे त्यांनी निर्विवाद दाखविले. त्यापूर्वी १९५१ साली जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, आईच्या किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीच्या सलग मायेवाचून मुलाच्या मनाची वाढ खुंटते, असे प्रतिपादन केले होते.

आता मेंदूतील अफूसारख्या द्रव्यांचे दुसरे काम पाहू. १९७८ साली याक पांक्सेप व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पिलांवर एक प्रयोग केला. आईपासून दूर केलेले पिलू केविलवाणे केकाटते, हे आपण नेहमी पाहतो. त्यास अफूतील मॉर्फिन अगदी अल्प प्रमाणात, झोप येणार नाही इतपत दिले, तर ते केकाटणे थांबते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात, अफूचे मुख्य कुलूपच जन्मतः नसलेली उंदरांची पिले घेतली होती. आईपासून वेगळी केल्यावर ती इतर पिलांच्या मानाने फारच थोडा आक्रोश करीत आणि आईच्या वासाकडेही विशेष ओढीने जात नसत. याचा अर्थ असा की, आई जवळ आल्यावर बालकाच्या मेंदूत दिलाशाची द्रव्ये झरतात. ती दूर गेली की ती ओसरतात आणि बालक व्याकूळ होते. विरहाचे दुःख आणि अफूचा दिलासा हे मेंदूतील एकाच यंत्रणेशी निगडित आहेत.

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक करुण प्रथा या संशोधनाच्या प्रकाशात नव्याने समजते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलास अफूची गोळी देत असत. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. १९२० नंतरच्या सरकारी चौकशांत या प्रथेची नोंद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभे राहावयाचे, मुलास पाहणारे कोणी नाही, आणि त्याचे रडणे थांबले पाहिजे, अशा पेचात त्या होत्या. आईच्या अनुपस्थितीत मूल शांत ठेवण्याचे काम अफू करीत असे, कारण ती आईच्या स्पर्शाने उघडणारे कुलूपच उघडीत असे. मूल शांत होई. पण ते वाढत नसे, आणि मात्रा चुकली तर दगावतही असे.

४. अनुभवाने मेंदू घडतो तो कसा?

जन्मतः मुलाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते आणि पहिलीत येईपर्यंत ते सुमारे नव्वद टक्क्यांवर पोहोचते. एवढी मोठी वाढ घरातल्या अनुभवांच्या सोबतीने होते. वारंवार वापरात येणारे मार्ग पक्के होतात आणि न वापरलेले पुसले जातात. शेतातील पायवाटेसारखेच हे आहे.

मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांनी १९९७ साली दाखविले की, ज्या उंदरीण आपल्या पिलांस अधिक चाटतात व गोंजारतात, त्यांची पिले मोठेपणी संकटात कमी घाबरतात आणि त्यांच्या शरीरातील तणावाची द्रव्ये लवकर खाली येतात. कमी चाटणाऱ्या आईचे पिलू अधिक चाटणाऱ्या आईने वाढविले, तर ते त्या दुसऱ्या आईच्या पिलांसारखे शांत होते. अर्थात ही केवळ रक्ताची देणगी नव्हे. व्यसनाशी अधिक जवळचा पुरावा माकडांचा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आईजवळ वाढलेली आणि आईविना केवळ समवयस्क पिलांत वाढलेली, अशा दोन गटांतील माकडांपुढे मद्य ठेवले होते. आईविना वाढलेली माकडे अधिक मद्य पीत. पुढे आईजवळ वाढलेल्या माकडांसही सोबत्यांपासून तोडून एकटे ठेवले, तेव्हा त्यांचेही पिणे जवळजवळ तितकेच वाढले. म्हणजे बालपणीचा अभाव आणि आजचा एकटेपणा, हे दोन्ही व्यसनाकडे ढकलतात. आणि आजचा एकटेपणा दूर करणे, हे काही अंशी आपल्या हाती आहे.

माणसाच्या मुलांविषयीही पुरावा आहे. १९८९ साली रुमानियातील हुकूमशाही कोसळल्यावर तेथील सरकारी अनाथालयांतील हजारो मुलांची दैना जगासमोर आली. त्यांस अन्न व निवारा होता; पण एका दाईच्या वाट्यास अनेक मुले, आणि दाया पाळीगणिक बदलत. २००० सालानंतर बुखारेस्ट येथे अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्यांस चिठ्ठ्या टाकून, म्हणजे निवड न करता, पालक कुटुंबांत पाठविण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांचा मायेचा बंध, बुद्धी आणि मेंदूची विद्युत्क्रिया यांत सुधारणा दिसली. दोन वर्षे वयाच्या आत घर मिळालेल्यांत ती अधिक होती.

प्रौढांच्या व्यसनाचा माग बालपणापर्यंत काढणारी सर्वांत प्रसिद्ध पाहणी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाली. व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांची माहिती गोळा केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, सतत अपमान, घरात दारू, आईस होणारी मारझोड, घरातील कोणी तुरुंगात असणे, असे कडू अनुभव बालपणी किती प्रकारचे आले, हे त्यांनी विचारले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांत दारूचे व्यसन, अमली द्रव्यांचा वापर, खिन्नता व आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या मानाने चार ते बारा पट होते. ही माहिती मोठेपणीच्या आठवणींवर आधारलेली आहे, हे विसरू नये. आणि ती समूहाविषयी आहे. तिच्यावरून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तविणे, किंवा मुलांच्या नावापुढे असे आकडे मांडणे, सर्वथा अयोग्य होय.

५. दोष कोणाचा?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘मग आईचाच दोष!’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, जुळ्या भावंडांच्या व कुटुंबांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. गावातील दुकान, सोबती, जाहिराती आणि गरिबी यांचाही वाटा आहेच. मायेचा अभाव हे एक महत्त्वाचे कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. दुसरे कारण, आईजवळ माया नसते असे नाही. तिला सवड नसते. मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडातील खेड्यांत १९५४-५५ मध्ये आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघर जाऊन माता व बालके यांचे निरीक्षण केले. बाल्टिमोर येथील निरीक्षणांतून, आई मुलाची खूण समजून त्याच्या हाकेस वेळेवर ओ देते किंवा नाही, यावर त्याची निश्चिंतता पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे त्यांस आढळले. दिवसभर राबून थकलेल्या, स्वतः मार खाणाऱ्या किंवा कर्जाच्या चिंतेत बुडालेल्या बाईस ही ओ देणे किती कठीण जात असेल, याची कल्पना आपण करावी.

तिसरे कारण शिक्षकांस विशेष आशादायक वाटेल. हवाई बेटांतील काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके माग घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे मद्यपान अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे तिसरा हिस्सा मोठेपणी कर्तबगार, विश्वासू व दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात, आईबाप नसले तरी, कोणीतरी एक मोठे माणूस खंबीरपणे पाठीशी होते. कोठे आजी, कोठे शेजारी, आणि पुष्कळदा शिक्षक.

६. आपल्या वर्गातील मुले

हे सारे परदेशचे प्रयोग झाले; पण त्यांत सांगितलेले मूल आपल्या हजेरीपटावरही आहे. बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणारी कुटुंबे उन्हाळा लागल्यावर परततात. तितके महिने त्यांची मुले कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात, किंवा गावी आजीजवळ, नातलगांकडे अथवा हंगामी वसतिगृहात. आजी दातांस मिश्री लावते, आजोबांच्या कमरेला तंबाखूची चंची असते, आणि चुलता मुलालाच दुकानात पिटाळतो. अशा घरात तंबाखू ही वाईट वस्तू म्हणून मुलासमोर येत नाही. ती मोठ्या माणसांच्या विसाव्याची वस्तू म्हणून येते. ज्यास आईची आठवण येते आणि ती कोणाजवळ बोलता येत नाही, असे मूल तो विसावा आपणही घेऊन पाहते, यात आश्चर्य ते कोणते?

पुढील सूचना वरील विवेचनास धरून असून त्यांस पैसा लागत नाही.

(१) हजेरी घेताना मुलाकडे पाहावे. ‘काय रे, काल दिसला नाहीस, बरे आहे ना घरी सगळे?’ एवढा प्रश्न पुरे होतो. ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्यास शाळेत आपली वाट पाहिली जाते हे कळले पाहिजे.

(२) पुडी सापडल्यास ती काढून घ्यावी. परंतु वर्गासमोर दाखवू नये. मुलास एकट्यास जवळ बसवून बोलावे. ‘का खातोस?’ या प्रश्नास उत्तर नसते. ‘केव्हा खावीशी वाटते, बाळ?’ असे विचारल्यास ‘रात्री’, ‘बापू पिऊन आले की’, ‘आई गेल्यापासून’, अशी उत्तरे येतात, आणि त्यांतच आपल्या पुढील कामाची दिशा सापडते. मूल अत्याचाराविषयी काही सांगू लागले, तर शांतपणे ऐकावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांस कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस किंवा बाल-पोलीस पथकास देणे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने बंधनकारक आहे.

(३) अशा मुलास विश्वासाचे एखादे काम द्यावे. वाचनपेटीची नोंद ठेवणे, रोपांस पाणी घालणे, पहिलीच्या मुलांस प्रार्थनेस आणणे. ओढीच्या यंत्रणेस चांगले खाद्य लागते. खेळ, गाणे, हस्तव्यवसाय यांतील आनंदही तिला पोसतो. ही कामे शिक्षा म्हणून मात्र देऊ नयेत.

(४) घरी जावे ते गाऱ्हाणे घेऊन नव्हे. ‘आजी, तुमच्या नातवाचे अक्षर चांगले आहे’, असे आरंभी म्हटले, तर मिश्रीची डबी त्याच्या हाती लागू देऊ नका, हे नंतर सांगता येते. गाऱ्हाणे नेल्यास बहुधा त्या रात्री मुलास मार बसतो आणि त्याचा आपल्यावरील विश्वासही जातो.

(५) मायेचा बंध पुन्हापुन्हा तुटणे मुलास फार बाधते. शिक्षकांच्या बदल्या होतच राहणार. तेव्हा जाणाऱ्या शिक्षकाने अशा मुलांची माहिती येणाऱ्यास तोंडी व खाजगीरीत्या द्यावी, आणि मुलाचा निरोप घ्यावा. न सांगता निघून जाऊ नये.

(६) शाळेच्या परिसरात शिक्षकाने स्वतः तंबाखू खाऊ नये, आणि मुलास दुकानातून ती आणावयास कधीही पाठवू नये. २००३ च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, तसेच अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तंबाखूची विक्री करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये मुलास दारू, अमली द्रव्य किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी घालण्यात आली. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ही कलमे वाचून दाखवावीत. मुलास दरडावण्यापेक्षा दुकानदारास समज देणे अधिक न्यायाचे आहे.

(७) शिक्षक हा वैद्य नव्हे. मूल रोज पुडीवाचून राहू शकत नसेल, दारू किंवा हुंगण्याची द्रव्ये घेत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे पालकांसह न्यावे. दारू एकाएकी बंद केल्याने जिवास धोका संभवतो. तेथे घरगुती उपाय करू नयेत. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि व्यसनमुक्तीविषयक सल्ल्यासाठी १४४४६ हे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. वडीलच व्यसनी असतील, तर पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे, याची माहिती घरच्यांस द्यावी.

या सूचनांनी प्रत्येक मूल वाचेल, असे आश्वासन कोणास देता येणार नाही. काही मुलांच्या बाबतीत आनुवंशिकता प्रबळ ठरेल, काहींच्या बाबतीत घर, काहींच्या बाबतीत आपण फार उशिरा पोहोचू. परंतु मेंदूची घडण शाळेच्या वयात थांबलेली नसते, आणि एका खंबीर माणसाचा आधार पुष्कळ काही बदलू शकतो, एवढे आज खात्रीने सांगता येते. खेड्यातील मुलाच्या आयुष्यात घराबाहेरचे असे पहिले माणूस बहुधा शिक्षकच असतो.

केंद्रप्रमुखांनी पुढील शिक्षण परिषदेत हा लेख वाचून त्यावर चर्चा घडवावी. तत्पूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या हजेरीपटावरून एकदा नजर फिरवावी आणि ज्या मुलांशी गेल्या महिन्याभरात आपले अभ्यासाव्यतिरिक्त एकही बोलणे झाले नाही, अशी तीन नावे मनाशी निवडावी. ती कोठेही लिहू नयेत व कोणासही सांगू नयेत. उद्याची हजेरी घेताना त्या तिघांशी दोन शब्द बोलावे, आणि पुढे वर्षभर त्यांस अंतर देऊ नये.